संघमित्राची साखळी

संघमित्रा कांबळेचं नाक दोनदा मोडलंय. एकदा नायगावच्या मैदानात, कबड्डीच्या सामन्यात एकीची टाच बसून. आणि एकदा चाळीच्या नळावर, दुसऱ्यांचं भांडण सोडवायला गेली तेव्हा. बापाने मोठ्या हौसेने नाव ठेवलं संघमित्रा, पण पोरगी मैत्री नंतर करायची, आधी पाय धरून आपटायची.

बीडीडी चाळीतल्या एका खोलीतून ती इंजिनीअर झाली आणि लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून बसली. आई चाळभर सांगत फिरायची की आमची संघी नकाशे काढते. मग पुनर्विकासात आपल्या वाट्याला कुठला मजला येणार, असं लोक हिला जिन्यात अडवून विचारायचे. हिचे नकाशे वेगळे. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचे भाग एकमेकांना कसे जोडायचे, एक भाग पडला तर बाकीच्यांनी काय करायचं, हे ती ठरवायची. त्याचे ठरलेले साचे असतात, त्यांना पॅटर्न म्हणतात. कुठल्या जागी कुठला पॅटर्न घ्यायचा, याचाच तिला पगार मिळायचा.

परळच्या एका खासगी हॉस्पिटलचं काम तिच्याकडे आलं. तिथे औषधं चोरीला जायची, बिलं गडप व्हायची. संघमित्राने सगळं एका साखळीत ओवलं. आधी पेशंटची नोंद, मग खाट, मग बिलाचं खातं, आणि या सगळ्यांनी होकार दिला की शेवटी औषधाचं कुलूपबंद कपाट उघडणार. एकाचाही होकार आला नाही तर काहीच होणार नाही. चोराला फटच ठेवायची नाही, हा तिचा हिशोब.

तिच्या हाताखालचा शंतनु अभ्यासू आणि सावध मुलगा होता. त्याला हे पटलं नाही. एखादा भाग गप्प झाला तर त्याला बाजूला ठेवून पुढे जायची सोय हवी, राहिलेलं नंतर जुळवता येतं, त्यासाठी वेगळा पॅटर्न आहे, असं तो परोपरीने सांगत राहिला. निदान बिलाची कडी तरी सुटी ठेवा म्हणाला.

"आमच्यात हात सोडणाऱ्याला गद्दार म्हणतात," संघमित्रा म्हणाली.

आमच्यात म्हणजे कबड्डीत. तिथे दोघी हात गुंफून साखळी करतात आणि चढाईला आलेलीला त्यात अडकवतात. संघमित्रा आणि तिच्याच मजल्यावरची ललिता, या दोघींच्या साखळीने अख्ख्या गिरणगावातल्या पोरींचे गुडघे फोडले होते. एका अंतिम सामन्यात ललिताचं बोट उलटं वळलं तरी दोघींनी हात सोडला नव्हता. त्या विजयाची नशा इतकी, की साखळीतल्या एकीला समोरचीने रेषेपार खेचलं तर दुसरीही तिच्यामागे फरपटत जाते, हे रोज मैदानात बघूनही संघमित्राच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शंतनुने फळ्यावर काढलेली आकृती तिने तळहाताने पुसून टाकली. तो पुन्हा काढायला लागला तेव्हा त्याच्या हातातला मार्कर हिसकावून भिंतीवर फेकला. त्यापुढे कोण बोलणार? तिचाच पॅटर्न ठरला.

त्याच हॉस्पिटलात, तिच्याच शब्दावर, ललिता सिक्युरिटीत लागली होती. ड्यूटी तातडीच्या विभागात, त्या कपाटापाशीच.

एका दुपारी बिलाची यंत्रणा बंद पडली. ऑफिसात फोन वाजायला लागले. माझी साखळी अडकतेच कशी, ते डोळ्यांनी बघते म्हणत संघमित्रा तरातरा पूल ओलांडून हॉस्पिटलात पोहोचली. तिच्या पायाखाली आधी काचा आल्या, मग रक्त.

रे रोडच्या लाकडाच्या वखारीत काम करणारा राजेश नावाचा माणूस बायकोला घेऊन आला होता. ट्रकने तिची मांडी फाडली होती. खाटा रिकाम्या, डॉक्टर हजर. रक्त थांबवायचं इंजेक्शन तेवढं कपाटात, आणि कपाट पेशंटच्या नोंदीचा नंबर मागत होतं. नोंद बिलापाशी अडकलेली, त्यामुळे नंबर निघत नव्हता. वरच्या मजल्यावरून इंजेक्शन आणायला माणूस पळाला, पण तिथलं कपाटही त्याच साखळीत. बायकोचे ओठ पांढरे पडताना बघून राजेशने टेबल उलटं केलं, कॉम्प्युटर जमिनीवर आपटला आणि सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून कपाटावर धावला. ललिता कपाटाला पाठ लावून उभी राहिली. ती जागची हलली नाही. त्याने स्टँड चालवला, आणि ती पडल्यावरही चालवला.

हे शेवटचं संघमित्राने दारातून पाहिलं. तिने धाव घेतली, खाली झेपावून राजेशचा घोटा धरला आणि त्याला तोंडावर पाडला. मग त्याला उताणा करून, छातीवर बसून ती मारत सुटली. त्याचा दात तिच्या मुठीत रुतला तरी तिला कळलं नाही. तो उलटून मारतसुद्धा नव्हता, नुसता कपाटाकडे बोट दाखवत होता.

नर्स मृणालिनीने तिला खांद्याला धरून मागे ओढलं. ललिताचं डोकं फुटलं होतं, डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं ते बघवत नव्हतं. तिलाही तेच इंजेक्शन हवं होतं. मृणालिनीने दुसऱ्या कॉम्प्युटरवर ललिताचं नाव घातलं. पडद्यावर आलं, बिल विभागाच्या होकाराची वाट पाहत आहोत.

संघमित्राने शंतनुला फोन लावला. "बिलाची कडी काढ. आत्ता."

"निघत नाही ताई," तो म्हणाला. "सुटी ठेवलेलीच नाहीये. सगळं उतरवून पुन्हा चढवायला लागेल, तास जाईल."

तिने फोन टाकला आणि जमिनीवरचा तोच स्टँड उचलला. त्यावर ललिताचे केस चिकटले होते. पहिला घाव कपाटाच्या कुलपावर, दुसरा काचेवर. काच जाड होती. राजेश उठला, शेजारी येऊन त्याने स्टँडला हात लावला, आणि दोघांनी मिळून कपाटाची छाती फोडली. संघमित्राचं मनगट काचेने उघडं पडलं. त्याच हाताने चाचपत तिने बाटल्या बाहेर काढल्या आणि मृणालिनीच्या ओंजळीत दिल्या.

दोघीही जगल्या. ललिताचा डावा डोळा गेला.

संध्याकाळी पोलिसांनी मारहाण आणि तोडफोडीसाठी दोघांनाही चौकीत आणून एकाच बाकावर बसवलं. राजेशचं तोंड सुजलं होतं, संघमित्राच्या हाताला बँडेज. तो रडायला लागला. म्हणाला, मी त्या सिक्युरिटीवाल्या बाईला मारायला नको होतं, पण माणूस डोळ्यांसमोर मरत असताना कपाटाला कुलूप घालायची अक्कल ज्याची, तो मला एकदा भेटला पाहिजे. मग तो वाकला आणि तिच्या पायांना हात लावायला लागला.

"ताई, तुम्ही नसता तर माझी प्रिती गेली असती."

संघमित्राने पाय मागे घेतले. तिला शरम वाटत होती, आणि भीतीही. भीती तिला आयुष्यात नवीन होती.

"ते कुलूप मीच घातलंय," ती म्हणाली. "ते सगळं सॉफ्टवेअर माझं आहे. बिलाची कडी सुटी ठेवा म्हणून मला सांगत होते, मी ऐकलं नाही."

राजेशला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो उभा राहिला आणि त्याने तिच्या तोंडावर मूठ मारली. नाकातून रक्त आलं. हवालदार काठी घेऊन धावला, तर संघमित्राने बँडेजचा हात आडवा करून त्याला थांबवलं.

"त्याला मारू नका," ती म्हणाली, आणि राजेशची दुसरी मूठ तिने बसल्या जागी घेतली.