तुळशीवाली आजी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे माझी नात मिशनच्या कॉलेजात तीन वर्षं नेमकं काय शिकते, ते मला कोणी नीट सांगितलं नाही. डिजिटल मीडिया म्हणे. म्हणजे कॅमेऱ्यानं सिनेमा काढायचा, मग तो कापायचा आणि पुन्हा जोडायचा. एवढ्याला तीन वर्षं लागतात हे मला अजून पटलेलं नाही. आमच्या रिठदचा लग्नातला व्हिडिओवाला एका उन्हाळ्यात शिकला.

शेवटच्या वर्षाला पाच मिनिटांचा सिनेमा करायचा होता. तो पास तर नात पास, नाही तर वर्ष गेलं. तिनं विषय घेतला ‘माझी आजी’. आयती सापडली म्हणून घेतला असेल.

सोबत एक मैत्रीण आली. तिच्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ माइक, मेलेल्या मुंगसासारखा. आल्याबरोबर दोघी घर आवरायला लागल्या. बऱ्या आहेत पोरी, असं मला वाटलं. पण त्या आवरत नव्हत्या, लपवत होत्या. फ्रिजवर गोधडी टाकली. प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या दारी नेल्या. माझा चष्मा काढायला लावला. मोरीजवळ पालथं पडलेलं जातं, ज्यावर आम्ही कपडे घासतो, ते उचलून ओट्यावर आणलं.

“आजी, तू दळ.”

“कायले? गिरणी बंद हाय काय?”

“तसं नाही वं. गावातली आजी वाटली पाह्यजे.”

“मंग मी कुठची वाटून राह्यली? लंडनची?”

तरी दोन फेरे फिरवले. नातीच्या वर्षाचा प्रश्न होता. पिठाच्या जागी साबणाचा चुरा पडला.

मग मैत्रिणीनं शेजारणीच्या दारातली तुळशीची कुंडी आणून आमच्या अंगणात मधोमध ठेवली.

“हे काहून आणलं?”

“फ्रेम रिकामी दिसते, आजी,” नात म्हणाली. “हात जोड अन् एक चक्कर मार. बस.”

माझ्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. मी लग्न होऊन आले तर देवाचा कोनाडा रिकामा. त्यात सासरे कात्री आणि सुया-दोऱ्याची डबी ठेवत. हे नातीला मी शंभरदा सांगितलं. शंभरही वेळा तिच्या कानात वायरी होत्या. तुळशीशी माझं भांडण नाही, खोकला झाला की पानं मीच मागून आणते. पण हात जोडणार नाही. मी कुंडी उचलली आणि शेजारणीच्या दारात नेऊन ठेवली.

“माहं वर्ष जाईन, आजी!” नात रडायला लागली.

“जाऊ दे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी डोळे तपासायला वाशीमला गेले. परत आले तर पोरगी गाणं गुणगुणत होती. काम झालं म्हणाली. मी विचारलं नाही, हीच चूक.

महिन्याभरानं कॉलेजनं घरच्यांना सिनेमे पाहायला बोलावलं. मोठा हॉल, भिंतीवर क्रूस. आधी प्रार्थना झाली, मग दिवे घालवले. पडद्यावर अक्षरं आली, ‘माझी आजी’. आणि अक्षरांखाली आमची शेजारीण! डोक्याला चपचपीत तेल लावून तुळशीभोवती फिरत होती. एरवी तिची तुळस सुनेनं पाणी घातलं तरच जगते. माझ्या जात्यावर बसून दळतही होती. क्रूसाखाली बसून लोक बौद्धाच्या घरातल्या तुळशीवाल्या आजीसाठी टाळ्या वाजवत होते, आणि शिकल्यासवरलेल्यांना त्यात काही खटकत नव्हतं.

नातीचे सर, तिथले फादर, तिला स्टेजवर बोलावून माइकवर म्हणाले, “किती गोड आजी! आल्या आहेत का?”

नातीनं स्टेजवरून माझ्याकडं पाहून हळूच हात जोडले. गप्प राहा म्हणून. तुळशीला मी जोडले नाहीत, ते आता ती मला जोडत होती.

मी उभी राहिले. “तिची आजी मी आहो. ते शेजारीण हाय.”

हॉल हसला. फादर हसले नाहीत. त्यांनी नातीला विचारलं, “मग यांना का नाही घेतलं?”

“आजीनं तुळस फेकली,” ती पुटपुटली.

“फेकली नाही,” मी म्हटलं. “जिची होती तिले वापस केली.”

फादरनी तिला आठ दिवस दिले. सिनेमा नव्यानं करायचा, या आजीवर. नाही तर नापास.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मीही समजूत काढली नाही. समजूत कशाची काढायची?

घरी आल्यावर तिनं खुर्ची फ्रिजसमोर ठेवली. गोधडी टाकली नाही. मला बसवलं, कॅमेरा लावला आणि बराच वेळ त्याची बटणंच दाबत राहिली. मग तोंड फुगवूनच विचारलं, “आजी, आपल्या दारात तुळस काहून नाही?”

तीन वर्षं शिकून पोरीनं पहिला कामाचा प्रश्न विचारला होता. मी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“सांगतो,” मी म्हटलं. “पण मधात कापू नोको.”