अक्काची बिनआवाजाची मीटिंग

दाजींचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळच्या पुलावर टॅक्सीत बसून एका मीटिंगमध्ये होतो. म्हणजे कानात यंत्र, कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि चाळीसेक माणसांपैकी कुणीतरी एक बोलतंय... आमच्या धंद्यात ह्याला हजर असणं म्हणतात. दाजी दोनच शब्द बोलले, "अक्का गेली." मग पुढं काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "तू जेवलास न्हवं?" सकाळचे साडेनऊ वाजले होते. अक्का पूजेला फुलं काढताना परसदारी बसली आणि बसल्या जागी गेली होती. मी मीटिंगचा आवाज चालू करून म्हणालो, "मला निघावं लागतंय, माझी बहीण गेली." बोलणारा बोलतच राहिला. टॅक्सीवाल्यानं मात्र आरशातून माझ्याकडं पाहिलं, गाणं बंद केलं आणि गाडी वळवायची का, हे हळूच विचारलं, "सार, यू-टर्न माडला?" मी मान हलवली. बनशंकरीला अक्काच्या घरी पोचेपर्यंत त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही. बंगळुरात राहणाऱ्याला ह्याचं मोल कळेल.

सुमनअक्का माझी मावसबहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. निपाणीहून लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला कन्नड येत होतंच, तमिळ आणि उर्दू तिनं शिवाजीनगरात उचललं. तिथं शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक सहकारी पतसंस्था आहे. सीमाभागातून आलेल्या चार मराठी शिंपी कुटुंबांनी फार पूर्वी काढलेली, 'आपल्या माणसांची'. अक्का तिथं कारकून म्हणून लागली आणि सेक्रेटरी झाली, आणि मधल्या वर्षांत 'आपली माणसं' ह्या दोन शब्दांत तिनं कुणाकुणाला आणून बसवलं, काही विचारू नका. फुलवाल्या आल्या, गॅरेजवाले आले, अंडी विकणारे आले. कामावरची माणसंही तशीच. कॅशियर मूर्ती कन्नड, दारोदार फिरून रोजच्या बचतीची पिग्मी गोळा करणारे दोघं घरी उर्दू बोलणारे, झाडलोट आणि चहा बघणारी मुनियक्का तमिळ. रमझानात त्या दोघांच्या संध्याकाळच्या फेऱ्या बाकीचे वाटून घ्यायचे, दिवाळीत ते दोघं ऑफिस सांभाळायचे. हा नियम कुठं लिहिलाय, असं मी एकदा विचारलं, तर अक्का म्हणाली, "घरात नियम लिवून ठेवतात काय रे? वाढताना बघायचं, कुणाचं ताट रिकामं हाय."

मी पुण्याचा. संगणकातली नोकरी घेऊन इथं आलो, येलहंक्यात घर घेतलं, आणि वीस वर्षांत कन्नडमध्ये एवढी प्रगती केली की बसचे नंबर वाचता येतात. ते इंग्रजीत असतात. रविवारी मात्र शहर आडवं कापून अक्काकडं जेवायला जायचं, हे ठरलेलं. आमच्या घराण्यात दर लग्नात जेवणं झाल्यावर गोष्टी सांगायला एक माणूस लागतो आणि हे बिनपगारी पद बरीच वर्षं माझ्याकडं आहे. माझ्या निम्म्याअधिक गोष्टी अक्काच्या ऑफिसच्या. ती रविवारी सांगायची, मी मीठमसाला घालून मांडवात सांगायचो. टाळ्या मला.

त्यातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट शनिवारच्या मीटिंगची. संस्थेत पासबुकाच्या खिडकीवर रेवती नावाची मुलगी लागली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. काम चोख, अक्षर नेटकं, चेहरा हसरा. काही महिन्यांनी अक्कानं जाहीर केलं की शनिवारी दुपारची स्टाफची मीटिंग ह्यापुढं तोंडानं होणार नाही. खुणांनी व्हायची, अडेल तिथं फळ्यावर लिहायचं, आणि दर शनिवारी रेवती सगळ्यांना दहा नव्या खुणा शिकवणार. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पहिल्याच शनिवारी मूर्तीला सांगायचं होतं की कॉम्प्युटर दिवसातून चारदा झोपतो. त्यानं गालाखाली हात घेऊन डोळे मिटले आणि चार बोटं दाखवली. मुनियक्काला वाटलं, कॅशियरसाहेबांना चार दिवस ताप आहे. ती उठली आणि गरम पाण्याचा पेला आणून तिनं त्याच्या हातात दिला. मूर्तीनं बिचाऱ्यानं ते पाणी पिऊन टाकलं, कारण 'नको'ची खूण अजून शिकवायची होती. हे सांगताना अक्का इतकी हसली की चष्मा आमटीत पडला. मी ही गोष्ट मूर्तीच्या आणि मुनियक्काच्या नकलांसह निदान पंधरा लग्नांत सांगितली असेल. ती मीटिंग मी एकदाही पाहिलेली नव्हती, हे सांगायचं मात्र राहून जायचं.

दुसरी एक गोष्ट अक्कानं सांगितली होती, ती मी मांडवात कधी घेतली नाही, कारण तिच्यात हशा नव्हता. मुनियक्का वीस वर्षं मीटिंगमध्ये दाराशी उभी राहायची आणि चहा द्यायची, बोलायची नाही. बोलणं म्हणजे शिकलेल्यांचं काम. खुणांची मीटिंग सुरू झाल्यावर एका शनिवारी ती पुढं आली आणि जिना चढणारी म्हातारी करून दाखवली. एक पायरी, दम, भिंतीला हात, पुन्हा पायरी... आणि मग अर्ध्यावरून वळून घरी. चारच दिवसांत जिन्याला कठडा बसला. "वीस वर्षं तिला ठाऊक होतं रे," अक्का म्हणाली, "आम्ही इचारलं न्हाई."

मग मी संचालक झालो. संचालक म्हणजे फार काही नाही, वार्षिक सभेत कुणीतरी नाव सुचवतं, कुणीतरी अनुमोदन देतं आणि बाकीचे उपम्याकडं बघत असतात. "कॉम्प्युटरचं कळणारा एक माणूस बोर्डावर पाहिजे," असं अक्कानंच सुचवलं होतं. मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायची सोय नाही, धोंडा तिच्या पायावर पडला. मी दोन महिन्यांत सात स्लाइड्स तयार केल्या. त्यातली पाचवी शनिवारच्या मीटिंगची. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागतो, असं मी एका लाल बाणानं दाखवलं होतं. उपाय असा की मीटिंग बोलून दहा मिनिटांत उरकावी आणि रेवतीला नंतर सगळं लेखी द्यावं. कन्नडमध्ये, टाइप करून. वाचकहो, मला खरोखर वाटत होतं की मी त्या मुलीवर उपकार करतोय.

स्लाइड्स मी बोर्डाच्या आधी अक्काला दाखवल्या होत्या, रविवारी, जेवणानंतर. पाचवीवर ती थांबली. चष्मा पुसला. "विनू, एक शनिवार येऊन बस की."

"त्यात बघायचं काय आहे अक्का? तूच सगळं सांगितलंयस."

"सांगून न्हाई. येऊन बस. मग तुझं तू ठरव, मी मधे येत न्हाई."

"येतो ना. पुढच्या शनिवारी."

"सरी, बरं," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी मला काहीतरी काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी मी घरी होतो, झोपलो होतो. आणि सोमवारी बोर्ड होतं. मी स्लाइड दाखवली, पाच हात वर गेले, त्यातला एक माझा. सेक्रेटरीला मत नसतं. तिनं खाली मान घालून प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' तिचं अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. मी मुद्दाम पाहिलं होतं... रागावली असती तर अक्षरात दिसलं असतं, असं मनाशी म्हणून मी निश्चिंत झालो.

रेवती तीन-चार महिने टाइप केलेला कागद घेत राहिली. मग तिनं राजीनामा दिला. त्यात तिनं कन्नडमध्ये एकच ओळ लिहिली होती, ती अक्कानं मला मराठीत सांगितली: मला कागद मिळतो, मीटिंग मिळत नाही. हे सांगितलं तेव्हा अक्का मला भात वाढत होती. मी म्हणालो, "दुसरीकडं चांगली संधी मिळाली असेल." अक्कानं वाढायचं थांबवलं नाही. "असंल," म्हणाली, आणि तूप पुढं केलं. मुनियक्का पुन्हा दाराशी उभी राहायला लागलीय, हे तिनं सांगितलं नाही. ते मला नंतर मूर्तीकडून कळलं.

अक्का टोमणे मारणाऱ्यांतली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो. तिनं विषयच काढला नाही. रविवारी जेवायला बोलवायची, लोणचं बांधून द्यायची, पण ऑफिसच्या गोष्टी सांगायची बंद झाली. मी म्हणायचो, "अक्का, नवीन काही?" ती म्हणायची, "काही न्हाई रे, चाललंय." माझा पुरवठा तुटला होता आणि मांडवात मी जुन्याच गोष्टी उगाळत होतो. कुठंतरी मला कळत होतं. मी ठराव मागे घेण्याचा मसुदाही लिहून ठेवला होता. फक्त एका शनिवारी मीटिंगला जाऊन तो सगळ्यांसमोर काढायचा, अक्काला न सांगता, अचानक, असा माझा बेत होता. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला प्रवेश नाट्यमय लागतो. त्या बेताला अकरा दिवस कमी पडले.

तो मसुदा आता मंजूर झालाय, पुन्हा पाच हात वर करून. शनिवारी पुन्हा खुणा चालू झाल्यात. रेवती परत येणार नाही. तिला तयार कपड्यांच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालंय, तिथं ऐकू न येणाऱ्या आणखी तिघी आहेत. मला सांगायचंय ते ह्याच्या आधीचं, शोकसभेचं.

ती संस्थेतच झाली, शनिवारी दुपारी. खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, माइक भाड्यानं आणला होता. अध्यक्ष बोलले, एक फुलवाली बोलायला उठली आणि नुसतीच रडून बसली. दाजी पहिल्या ओळीत मांडीवर रुमालाची घडी घालत होते, मोडत होते. मग माइक माझ्याकडं आला. मी घरून तयारी करून आलो होतो. रडारड फार झाली की एक हसवणारी गोष्ट सांगायची, हे मला अनुभवानं माहीत आहे. मी मूर्तीची आणि गरम पाण्याची गोष्ट काढली. ती कधी वाया जात नाही. पाणी पिऊन टाकण्यापाशी सगळी खोली हसली, मूर्ती डोळे पुसत हसला, दाजीसुद्धा हसले.

तिसऱ्या ओळीत रेवती बसली होती. सगळे हसले तेव्हा तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि मग तीही हसली. अर्धा क्षण उशिरा.

एवढंच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. तिच्या मीटिंगची गोष्ट मी तिच्याच समोर तोंडापुढं माइक धरून सांगत होतो, आणि ती बिचारी माझा मान राखून हसत होती. अक्कानं खुणांच्या आधीच्या एखाद्या शनिवारी हेच पाहिलं असणार. हे सांगायला गेलं तर काय सांगणार? 'ती उशिरा हसते.' मी त्याचीही स्लाइड केली असती.

मी थांबलो. मागं फळा होता, खडू होता. खडू उचलला आणि लक्षात आलं की मला मराठी येतं आणि रेवती कन्नड वाचते. खडू ठेवून दिला. दाराशी मुनियक्का उभी होती. मी माइक बाजूला करून म्हणालो, "मुनियक्का, तिला सांगा, चूक माझी होती. मी यायला पाहिजे होतं." मुनियक्कानं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि हात पुसून सांगायला लागली. माझ्या दोन वाक्यांना तिला बराच वेळ लागला, म्हणजे तिनं आपल्या पदरचंही काही घातलं असावं. रेवतीचं उत्तर अगदी छोटं होतं. मुनियक्का तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "ती बोलते, आज अक्काचं सांगा, अण्णा. तुमचं मागून."

अक्काचं सांगण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नव्हतं. मी माइक अध्यक्षांना दिला आणि रेवतीकडं बघून हात पुढं केला, तू ये म्हणून. ती उठली. आणि मग कुणी काही न सांगता ऑफिसची सगळी माणसं उठली. त्यांनी खुर्च्यांच्या ओळी मोडल्या, गोल केला. खिडकीला पाठ करून बसलेला मूर्ती उठून समोर गेला, म्हणजे त्याच्या तोंडावर उजेड पडेल. पिग्मीवाल्या दोघांनी दाजींची खुर्ची दाजींसकट उचलून आत घेतली. मुनियक्का दार सोडून रेवतीच्या शेजारी जाऊन बसली. अर्ध्या मिनिटात त्या खोलीत प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसत होता. मी फळ्यापाशी उभा होतो. मूर्तीनं सरकून शेजारची खुर्ची मोकळी केली, तिच्यावर हात आपटला. मी जाऊन त्याच्या आणि दाजींच्या मधे बसलो.

रेवती अक्काबद्दल सांगायला लागली. आवाज नव्हता, खाली दुकानात कुणीतरी यंत्राचं चाक फिरवून बघत होतं तेवढाच. काही ठिकाणी बायकांनी पदर तोंडाला लावला. काही ठिकाणी मुनियक्कानं मधेच हात घालून काहीतरी दुरुस्त केलं आणि रेवतीनं ते मानलं. मला समजावून सांगायचं आहे हे मुनियक्का विसरून गेली होती. मी अक्काची खूण ओळखायचा प्रयत्न करत होतो, ती कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग रेवतीनं मनगटावर घड्याळाच्या जागी दोनदा बोट आपटलं आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, तेव्हा कळलं की इथं मलाही एक नाव आहे, आणि ते अक्काशिवाय दुसऱ्या कुणी ठेवलेलं असणं शक्य नाही. रेवतीचे हात भराभर चालले. अक्का माझ्याबद्दल त्यांना काय सांगत होती, कुठल्या शनिवारी, रागानं की मायेनं, ते सगळं मला न कळता माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं.

सगळे हसले. मी डावीकडं मूर्तीकडं पाहिलं, उजवीकडं दाजींकडं पाहिलं, आणि मग मीही हसलो.