अकरा ओळींचं एक वाक्य

मॉलम्याइन या बर्मी शहराच्या बाजारात लुंग्या शिवणारी मा न्वे इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटली होती. तिसरी खेप शेवटची, कारण शाळेतल्या नोकरीची वयोमर्यादा यंदा संपत होती. नोकरी लागली की आधी हे शिवणाचं मशीन विकून टाकीन, असं ती मला रोज ऐकवायची.

आम्ही दोघी साया बा शिन यांच्या शिकवणीला जायचो. साया म्हणजे मास्तर, आणि मास्तरांचा मान आमच्याकडे थेट बुद्धाच्या पंक्तीतला. साया वाचणार, आम्ही घसा ताणून घोकणार. परीक्षेला नेमलेल्या जुन्या इंग्रजी कादंबरीत एक अकरा ओळींचं वाक्य होतं. परागंदा झालेला मुलगा दारात उभा, समोर आई, आणि मग नुसते स्वल्पविराम! शेवटी तिने त्याला घरात घेतलं की हाकललं, कुणास ठाऊक. न्वेने शब्दकोशातून एकेक शब्द काढला. शब्द सगळे कळले, वाक्य काही कळेना.

"अगं, विचार ना सायांना," मी म्हटलं.

"वेड लागलंय? त्यांना नाही सांगता आलं तर? चारचौघांत म्हाताऱ्याला खाली बघायला लावू?"

"मग बस बोंबलत!"

"तू विचार की, एवढी शहाणी आहेस तर."

मी कसली विचारतेय! शंका काढणं म्हणजे तुम्ही नीट शिकवलं नाहीत, असं सायांच्या तोंडावर सांगणं.

परीक्षेत नेमकं तेच आलं. आईने मुलाला माफ केलं का? न्वेने अकराच्या अकरा ओळी जशाच्या तशा उतरवून दिल्या. त्या प्रश्नाला भोपळा मिळाला आणि बाई चार गुणांनी गेली. मी 'केलं' असं ठोकून दिलं आणि पास झाले. इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

निकालानंतर रिवाजाप्रमाणे फळं घेऊन सायांकडे गेलो. न्वेने तीनदा जमिनीला डोकं टेकवलं, नापास झाल्याचं सांगितलं आणि तिला रडू आवरेना.

"ते वाक्य आलं होतं?" सायांनी विचारलं.

"हो, साया. आईने माफ केलं का, असं विचारलं होतं."

सायांनी बायकोला चहा करायला आत पाठवलं. मग पुढे सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "पोरींनो, चाळीस वर्षं शिकवतोय. माझ्या सायांना विचारायचा मला धीर झाला नाही. तुम्हाला कळलं का गं, काय केलं तिने?"

न्वेने माझ्याकडे पाहिलं. पास मी झाले होते ना! मी काय सांगणार, कपाळ?