दोरीला हात लावणारी कोंडाबाई

साल दोन हजार एकोणीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि शिरोड्याच्या किनाऱ्यावर आमच्या रापणीचा, म्हणजे वाळूवरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, तांडेल होतो, म्होरक्या. दिवाळी सरली होती. दुपारच्या एसटीतून एक बाई एकटीच उतरली आणि सरळ आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ, खांद्याला एक कापडी पिशवी. वय साठीच्या पुढचं.

"दादा, ऱ्हायाला जागा हाय का? अन् हाताला काम?"

माझी बायको पार्वती पर्यटकांना एक खोली देते. पण जागा आणि काम एका दमात मागणारा पर्यटक आम्ही पाहिला नव्हता. मी विचारलं, "खंयसून इलंस गो बाय? वांगडा कोण आसा?"

"माणदेशातनं आले. सोबत कोन न्हाय. वाट पुसायची दादा, सोबत पुसायची न्हाय."

तिचं नाव कोंडाबाई. नवरा गेलेला, पोरगा पुण्याला. तिचा फिरण्याचा प्रकार असा: एसटीत बसायचं, कंडक्टरला म्हणायचं, "शेवटच्या ष्टॉपचं द्या." उतरलं की समुद्र कुठे ते विचारायचं, आणि ज्या घरी राहील तिथे काम करायचं. मालवणात तिने सुकी मासळी पसरली, निवतीला कुणाच्या माडांना शेणखत घातलं, वेंगुर्ल्याला एका खानावळीत भाकऱ्या थापल्या. आमच्याकडे आल्या आल्या तिने पार्वतीच्या हातातली केरसुणी काढून घेतली.

मी रागावलो. घरात पाहुणी केर काढते, शोभतं काय? ती म्हणाली, "फुकाट बघितलेलं डोळ्यात ऱ्हात न्हाय."

संध्याकाळी ती वाळूत जाऊन बसली. हात मांडीवर, पदर डोक्यावर, देवळात बसावं तशी. अंधार पडला तरी उठेना. पार्वतीने मला पाठवलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "काय बघतंस एवढा? पाणीच तर आसा."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "कुनी वढत न्हाय, तरी येतंय बघा."

मी उभाच राहिलो. पुढे ती सांगू लागली. त्यांची विहीर खोल. लग्न होऊन आली त्या दिवसापासून दोर तिच्या हातात. उन्हाळ्यात दोराला दोर बांधायचा, आणि एवढं ओढून वर यायचं ते अर्धी घागर गढूळ. आता गावात नळ आलाय, चार दिवसांनी का होईना. "हात रिकामं झालं तवा म्हटलं, जितं पानी सरत न्हाय ते बघून यावं."

मी या समुद्रावर जन्मलो, वाढलो. पण तो असा कधी पाहिला नव्हता. त्या रात्री मी लाटा ऐकत पडलो होतो. शाळा चौथीत सोडलेला माणूस मी, मला सांगता येत नाही, पण छातीत काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

झोप न येण्याला दुसरंही कारण होतं. त्या वर्षी रापणीला मासळीच नव्हती. जाळं टाकावं आणि शेवाळ काढावं. तरणी पोरं गोव्याला हॉटेलात कामाला गेली. आम्ही उरलो म्हातारे. देवळासमोर बसून ठरलं होतं की आता एकदाच जाळं टाकायचं, आणि काही लागलं नाही तर जाळं, होडी विकून मोकळं व्हायचं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. बापाची रापण माझ्या हातून बंद होणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं जाळं पडलं. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते. दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडे माणसं ओढतात. जोर सारखा पाहिजे. एक बाजू कमी पडली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. आमची रीत अशी की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वाटसरू का असेना. आणि माझ्या बापाने घालून दिलेली आणखी एक रीत होती: बायकांनी दोरीला हात लावायचा नाही. त्यांनी टोपल्या घेऊन लांब थांबायचं. का, ते बापाने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

जाळं अर्ध्यावर आलं आणि दोरी जड झाली. पाणी काळं पडलं, मग उकळल्यासारखं झालं. बांगडा! कित्येक वर्षांत असा थवा पाहिला नव्हता. पण दक्षिणेकडच्या दोरीवर माणसं कमी होती. दोघांचे पाय वाळूत घसरायला लागले. जाळं तिरकं व्हायला लागलं. शेजारी पर्यटकांची पोरं मोबाइल वर धरून उभी. त्यांना हाक मारायला माझी जीभ वळेना. तांडेल भीक मागत नाही.

तेवढ्यात कोंडाबाईने काष्टा आवळला आणि ती दक्षिणेची दोरी धरली.

मी ओरडलो, "सोड ती दोरी! बायलमाणसान हात लावूचो नाय!"

"सोडते की," ती तिथूनच ओरडली. "सोडल्यावर तुमचं जाळं पुरतं वाकडं हुईल. सांगा दादा, सोडू?"

दोन्हीकडची माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. लांबून पार्वतीही बघत होती. समुद्र दोरी खेचत होता. कोंडाबाई विहिरीवर ओढावी तशी हातावर हात टाकून ओढत होती, आणि तिची बोटं सोलत होती.

मी म्हटलं, "हातान नको ओढू गो, मेलंस! कंबरेन ओढ! मागे चल!"

ती हसली. मग तिने त्या पोरांना हाळी दिली, "फोटू मागनं काढा रं! धरा दोर! आयनं जेवू घातलंय न्हवं?" पोरं धावली. एकाचा चष्मा वाळूत पडला, तो तसाच ओढत राहिला. दोरी सरळ झाली.

जाळं किनाऱ्याला लागलं. वाळूवर चांदी ओतावी तसे बांगडे उसळत होते, सूर्य त्यांच्या अंगावर फुटत होता. कोंडाबाई गुडघ्यावर बसली आणि तिने हात जोडले. मासळीला की समुद्राला, कोण जाणे. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच पोरांवर खेकसलो.

वाटे घालायची वेळ आली. आमच्या रापणीतला गोविंदा कुजबुजला, "तांडेलानू, बायचो वाटो घालूचो?"

"दोरीक हात लागलो ना तेचो? मगे?"

वाटा समोर ठेवला तर ती म्हणाली, "म्या माळकरी. मासं खात न्हाय."

"मगे घेव नको!"

"का म्हनून? वढलंय म्या. वाटा माझाच." तिने तो पदरात घेतला, घरी आणून पार्वतीपुढे ओतला. "वयनी, तुमी रांधा आन खावा. म्या कढीभात खाईन." त्या जेवणात तिने प्रत्येकाला विचारलं, गोड लागला का. सोललेल्या बोटांना पार्वतीने खोबरेल लावलं.

पुढच्या सकाळी ती पहिल्या एसटीने रेडीकडे गेली. नंतर काही कळलं नाही. ती फोन वापरत नव्हती. मी निरोपाला गेलो नाही, माडाआडून गाडी वळेपर्यंत बघितलं.

घरी आलो. जाळं विकायचा विषय आता कुणी काढणार नव्हता, होडी पुन्हा पाण्यात जायची होती. पार्वती टोपली धूत होती.

मी म्हटलं, "चल गो, दोरीवर माणूस कमी आसा."

ती वर न बघता म्हणाली, "आणि मामंजींची रीत?"

"ती तेंची होती. आता तांडेल मी आसंय."

"चाळीस वर्सां तुमीच होतात की," ती म्हणाली. टोपली तिने पालथी घातली, हात पुसले आणि माझी वाट न बघता किनाऱ्याकडे चालू लागली.