मागीलदारची हवालदारीण

हवालदारीण कुणाच्याही घरात पुढच्या दाराने शिरत नसे. अंगणात चपला काढायच्या, घराला वळसा घालायचा, आणि मागीलदारी जाऊन हाक मारायची, "कोण आसा गो घरात?" पहिल्यांदा मी तिच्याबरोबर गेले तेव्हा मला चोरट्यासारखं वाटलं. मी पुढच्या पायरीवरच उभी राहिले. ती मागून ओरडली, "थंय काय पावण्यासारख्या उभ्या? पुढल्या दाराक सगळे 'बरो आसंय' म्हणतत. खरा काय ता हय मागल्या दाराक कळता."

ते खरंच होतं. मागीलदारी तिला दिसायचं की कुबड्यांना माती लागली आहे की धूळ. म्हणजे माणूस घराबाहेर पडतो की नुसता पडून असतो. चुलीवर काय आहे, गोळ्यांची पाकिटं फोडली आहेत की तशीच. पाच मिनिटांत ती सगळं वाचून घ्यायची आणि मग पडवीवर येऊन त्या घरच्या सैनिकासमोर बसायची.

आमचं मंडळ म्हणजे सात-आठ माणसं आणि गावच्या वाचनालयाची मागची खोली. लष्करात हात, पाय किंवा डोळे गमावून जिल्ह्यातल्या गावांत परतलेल्या माणसांकडे जायचं, त्यांचे कागद करायचे, कुणाला कृत्रिम पाय मिळवून द्यायचा, कुणाबरोबर दवाखान्यात जायचं, हे आमचं काम. हवालदारणीचा नवरा हवालदार होता. तो गेला, पण हुद्दा गावाने तिच्याकडे ठेवला. मी तिला काकी म्हणत असे.

मी या कामात आले ती माझ्या इंग्रजीमुळे. शिक्षण संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून आत निघून जायची. शाळेत इंग्रजी, घरी आईची शिस्तीची पुस्तकी मराठी. मालवणी मला कळायची, पण बोलायला जीभ वळत नसे. आईनेच मला वाचनालयात ढकललं. तिथे पोस्टमास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, मंडळाचे चिटणीस, मला प्रश्नावर प्रश्न विचारू लागले. हवालदारणीने त्यांना थांबवलं. "रे मास्तर, तेका कित्याक छळतंस?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुका बोलूक नको. तू फक्त लिव. बोलूक मी आसंय."

इतका मोठा आराम मला तोपर्यंत कुणी दिला नव्हता.

तिची थट्टा ऐकण्यासारखी असे. आंबोलीत एक निवृत्त शिपाई कृत्रिम पाय लावतच नाही अशी तक्रार होती. आम्ही गेलो. पाऊस असा की भिंतींना बुरशी. मागीलदारी चुलीच्या वर, धुरात, तो पाय दोरीला टांगलेला. ओल धरते म्हणून त्याने तो तिथे सुकत घातला होता आणि मग तो तिथेच राहिला होता. हवालदारणीने वर पाहिलं आणि म्हणाली, "शिपायानू, ह्यो पाय सुकवतास की बांगडो?" तो माणूस वर्षभर कुणाशी धड बोलला नव्हता म्हणे. तो आधी चिडला, मग हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. त्या दिवशी पाय लावून तो आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. "बिचारो" हा शब्द ती कुणाला बोलू देत नसे. घरच्या माणसांच्या तोंडून आला तर तिथल्या तिथे झापायची, "बिचारो तुझो घोव. ह्यो नायक आसा."

मला मालवणी तिने शिकवली, तिच्या स्वयंपाकघरात, मासे साफ करता करता. "तुझा मराठी सायबासारख्या. ता ऐकान म्हातारे उठान उभे ऱ्हवतत नि कागद शोधूक लागतत." मी एक वाक्य बोलायची, ती हसायची, परत म्हणायला लावायची. तिच्यासमोर चुकायला मला लाज वाटत नसे. आईसमोर वाटते, अजूनही.

तिच्या नवऱ्याची गोष्टही तिने तिथेच सांगितली, विळीवरून मान न उचलता. तो रजेवर आला असताना कुडाळच्या रस्त्याला मोटरसायकल घसरली आणि कंबरेखालून लुळा पडला. तपासणीत त्याने जसं घडलं तसं सांगितलं. रजेवर, स्वतःच्या कामाला जाताना झालं म्हणून त्याचं अपंगत्व नोकरीशी जोडलं गेलं नाही, आणि त्याची पेन्शनही मिळाली नाही. "ड्युटीर होतंय, असा सांगल्यान असता तर?" ती म्हणाली. "पण तेणा खरा सांगल्यान. खऱ्याक कागद मेळणा नाय गो." माशाचे खवले तिच्या मनगटावर चिकटले होते, ते तिने पदराने पुसले.

आमची कामाची पद्धत ठरून गेली होती. आम्ही दोघी जायचो, तो माणूस बोलायचा, मी वहीत टिपायची. घरी येऊन मी इंग्रजीत अर्ज लिहायची. सही आणायला ती एकटीच जायची. तो अर्ज त्या माणसाला पुन्हा कुणी वाचून दाखवत नसे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि हवालदारीण आहे म्हटल्यावर तशी गरज कुणालाच वाटली नाही. मलाही नाही.

मिठबावला लांगरीकाका आहेत. लष्करात स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. ते गावातही लांगरीच राहिले. डोंगरावरच्या एका चौकीत रॉकेलचा मोठा स्टो फुटून त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि उजवा डोळा गेला. आता डावा डोळाही अधू होत चालला होता, आणि अपंगत्वाची फेरतपासणी व्हावी असा अर्ज करायचा होता. त्यांनी मला सगळं सविस्तर सांगितलं. त्यांना अजून एकाच गोष्टीची चुटपुट होती. "भात अर्धो शिजललो. तो तसोच ऱ्हवलो." मी वहीत तेही टिपून घेतलं.

दोन दिवसांनी हवालदारणीने मला स्वयंपाकघरात बसवलं. "काल मी परत मिठबावाक गेललंय," ती म्हणाली. "मागीलदारी सुनेन सांगल्यान. स्टो नाय गो. गोळो पडललो चौकीर. म्हातारो लाजता सांगूक. लांगऱ्याचो कोण इश्वास धरतलो, असा तेका वाटता. तू गोळो लिव."

मी वही उघडून पाहिली. भाताचंही लिहिलं होतं. पण मागीलदारी जे कळतं ते खरं, हे मला तिनेच शिकवलं होतं, आणि तोवर ते कधी चुकलं नव्हतं. मी गोळा लिहिला. शत्रूच्या तोफेचा, चांगल्या इंग्रजीत, तीन वाक्यांत. लिहिताना माझ्या अंगावर काटासुद्धा आला.

काही महिन्यांनी लांगरीकाकांचा मुलगा वाचनालयाच्या खोलीत आला, हातात कार्यालयाचं पत्र. अर्जातली हकिकत सेवेच्या नोंदीशी जुळत नाही, खुलासा येईपर्यंत अर्ज थांबवला आहे, असं त्यात होतं. त्याने ते आमच्यासमोर आपटलं. "आमच्या बापाशीक खोटो ठरवल्यात तुमी. चाळीस वर्षां जो माणूस स्टो स्टो करता, तेच्या नावार गोळो?"

खोलीत सगळे होते. मी हवालदारणीकडे पाहिलं. बोलायला ती होती ना.

तिने पत्र घेतलं, पाहिलं, खाली ठेवलं. मग ती उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाबू, रागाव नको," ती म्हणाली. "ह्या चेडू इंग्लिश शाळेतला. हेका आमचा मालवणी काय कळता? म्हातारो सांगता एक, हेणा लिवल्यान दुसराच. लेकरू आसा. सांभाळून घेवा."

सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पोस्टमास्तर मऊ आवाजात म्हणाले, "होतं गो असं, मनाला लावून घेऊ नकोस." मुलाचाही राग उतरला, त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. वही माझ्या पिशवीत होती. ती बाहेर काढायला एक हात पुरला असता. पण तिचा तळवा माझ्या डोक्यावर होता, ऊबदार, नेहमीसारखा, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सॉरी."

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आईला त्यात नवीन काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आचऱ्यावरून मिठबावची एसटी पकडली. एकटीने कुणाच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ. लांगरीकाका पडवीवर सूप घेऊन बसले होते. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपून तांदळातले खडे काढत होते.

"कोण? पाय वळखीचे नाय लागनत."

"मी. अर्ज लिवणारा," मी म्हटलं.

"म्हणजे गोळेवाला!" ते हसले. "बस, बस. हवालदारीण खंय?"

"मी एकटाच इलंय."

मी अर्जाची प्रत काढली आणि एकेक ओळ मालवणीत सांगू लागले. अडखळत, मध्येच इंग्रजी शब्द घालत. ते निवडत होते आणि मान हलवत होते. गोळ्याच्या ओळीवर त्यांचा हात थांबला.

"ह्या तिणा माका इचारल्यान होता," ते म्हणाले. "सही घेवक इली तेव्हा. गोळो लिवया, पेन्शन वाढतली, म्हणाक लागली. मी नको म्हटलंय. बाये, म्हटलंय, जे गोळ्यान मेले ते माझ्या हातचा जेवन गेलले. त्यांचो गोळो मी घेवचंय नाय. ती म्हणाली, बरा, स्टोच लिवललो आसा. मी सही केलंय."

मला वाटलं होतं तिने घाबरून माझ्यावर ढकललं असेल. माणूस घाबरतो, मला ते कळतं, मी रोज घाबरते. पण तिने त्यांना विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि कागदावर लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही हे तिला ठाऊक होतं. आणि सुनेचं नाव घेऊन सांगितलेलं मी मानणार, हेही.

"सुनेन काय सांगल्यान तिका? मागीलदारी?" मी विचारलं.

"सून? ती तेव्हा म्हयनोभर म्हायेराक गेलली."

ते पुन्हा निवडू लागले. मग म्हणाले, "तुझ्यार ढकलल्यान मा? झिलान सांगल्यान माका. तेव्हाच समाजलंय."

मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यातली अक्षरं त्यांना दिसत नव्हती, म्हणून वाचून दाखवली. भात अर्धो शिजललो, इथपर्यंत. "ता भाताचा पण लिव कागदात," ते म्हणाले. खुलासा मी तिथेच, त्यांच्या पडवीवर लिहिला. हकिकत त्यांनी खरी सांगितली होती, मी ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून बदलली आणि त्यांना वाचून दाखवली नाही, असं. तो दुसरा कोण हे लिहायला मी पेन टेकवलं तेव्हा ते म्हणाले, "तिचा नाव घालू नको गो. कितक्या जणांचे कागद तिच्या हातात आसत. तेंचा काय होतला?"

मी नाव घातलं नाही. पण ते तिच्यासाठी नव्हतं. संपूर्ण खुलासा मी त्यांना दोनदा मालवणीत वाचून दाखवला, मग त्यांनी डाव्या हाताने सही केली.

फेरतपासणीचं बोलावणं आलं. मी त्यांच्याबरोबर गेले. दवाखान्याच्या बाकावर त्यांनी शेजारच्या माणसाला भाताची गोष्ट सांगितली.

वाचनालयात मी पुन्हा गेले नाही. पोस्टमास्तर घरी येत, कुणाकुणाचे कागद आणून देत. त्यांनीच सांगितलं की हवालदारीण गावोगाव माझं कौतुक करते. "आमच्या चेडवान लांगऱ्याचा काम केल्यान. एकट्या मिठबावाक गेला. मी तयार केलंय तेका." ते हे मोठ्या आनंदाने सांगत होते. मी ऐकून घेतलं. वाईट हे की त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

तिने मला कधी काही विचारलं नाही. मीही नाही. आता मी अर्ज लिहिते तो त्या माणसासमोर बसून वाचून दाखवल्याशिवाय सहीला देत नाही. एसटीत जाताना मनात वाक्यं जुळवते, आणि जुळलेलं प्रत्येक वाक्य तिच्याच आवाजात ऐकू येतं. त्याला माझा इलाज नाही.

मे महिन्यात पोस्टमास्तर कागदांबरोबर स्टीलचा डबा घेऊन आले. हवालदारणीने फणसाच्या रसाची, वाफवलेली सांदणं पाठवली होती. मला आवडतात हे तिला माहीत आहे. चिठ्ठी नव्हती. ती सांदणं आम्ही खाल्ली. चांगली झाली होती, गूळ नेमका.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. आईने तो घासून त्यात मूठभर काजूगर घातले आणि झाकण लावून ठेवला. पुढच्या खेपेला पोस्टमास्तर आले तेव्हा तयार झालेले कागद मी त्यांना दिले, मग आत जाऊन डबा उघडला, काजूगर ताटलीत काढले आणि डबा बाहेर आणला.

"अगं, रिकामा?" आई म्हणाली.

"होय."

पोस्टमास्तरांनी डबा हातात घेतला. तो हलका लागला तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी तो पिशवीत कागदांच्या खाली ठेवला आणि सायकलला पिशवी अडकवून निघाले.