मूठभर तांदूळ, एक गोळी

किन्हवलीहून शेणव्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला आता पत्र्याचं मोठं गोडाऊन लागतं. त्यात काय भरलेलं असतं ते मी कधी विचारलं नाही. आमच्या लहानपणी तिथं एक बंद पडलेली भातगिरण होती आणि त्या गिरणीत ‘देवघेव’ होतं.

देवघेव म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर पंचाईत होते. संग्रहालय म्हणावं, तर ‘हात लावू नये’ अशी पाटी तिथं कुठंच नव्हती. शाळा म्हणावी, तर तिथं कुणी मारत नव्हतं. डोंबिवलीच्या कुठल्याशा कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेले गुप्ते सर त्र्याण्णव साली इकडे आले आणि त्यांनी ती गिरण भाड्यानं घेतली. पैसा काय चीज आहे ते खेड्यातल्या पोरांना हाताला लागलं पाहिजे, पुस्तकात वाचून ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गावातले म्हातारे म्हणायचे, पैसा काय हाय ते आमाला कळतंय सर, तो जातो कुठं तेवढं सांगा.

तेही सर सांगायचे. गिरणीच्या माळ्यावर एक पिंप, त्यावर लिहिलेलं ‘शेत’. पिंपातून नळ्या निघायच्या त्या खालच्या डब्यांत: घर, बाजार, बचत, सरकार. सरांनी ‘बचत’ची तोटी फिरवली की ‘बाजार’ची धार बारीक व्हायची, मग बाजारातून परत शेताकडे पाणी खेचणारा पंप नुसता खरखरायचा. आम्ही तासतासभर त्या तोट्या पिळत बसायचो. एक नळी कायम गळायची. ते पाणी कुठं जातं म्हणून कुणी विचारलं, की सर अगदी गंभीर तोंड करून सांगायचे, ती दारूची भट्टी. मागं उभे असलेले आमच्या शाळेचे मास्तर उगाच खोकायचे.

पुढच्या खोलीत लटका बाजार. लाकडी नाणी मिळायची आणि पेरू घ्यायचे. दुसऱ्या खेपेला सर सगळ्यांना दुप्पट नाणी वाटायचे, पेरू मात्र तेवढेच ठेवायचे. मग जी मारामारी व्हायची! पेरूचा भाव चढत जायचा, नाणी असून हात रिकामा राहायचा आणि एखादं पोर रडकुंडीला यायचं. ‘महागाई अशी येते,’ सर म्हणायचे आणि खिशातून पेरू काढून त्या पोराला द्यायचे. शहापूरच्या, मुरबाडच्या शाळा एसटी ठरवून यायच्या. आमची शाळा जवळची, आम्ही दर साली दोन-तीनदा चालत जायचो. पण आमचं खरं मन असायचं ते शेवटच्या खोलीत, सकुमावशीच्या फळीपुढं.

सकुमावशी आमच्याच शेणव्याच्या बौद्धवाड्यातली. नवरा लवकर गेला, पदरी एकच पोरगी, पल्लवी. ती माझ्याच वर्गात होती. मावशी देवघेवात आली ती झाडलोटीला. अदलाबदलीच्या खोलीत बसायला ठेवलेली शहापूरची मुलगी पहिल्याच वर्षी लग्न होऊन गेली, तेव्हा सरांनी मावशीला केरसुणी ठेवायला लावून फळीमागं बसवलं.

त्या खोलीत पैसा चालत नसे. घरून काहीतरी न्यायचं आणि फळीवरचं काहीतरी घ्यायचं. शंख, रंगीत खडू, जुनी पोस्टाची तिकिटं, भोवरे, बांगड्या, काय काय मांडलेलं असायचं. भिंतीवर सरांनी लिहिलेलं होतं, दोघांचं मन भरलं तरच सौदा. मावशीला वाचता येत नव्हतं, पण ते तिनं पाठ केलं होतं आणि ती ते पाळायचीही. पोरांशी रीतसर घासाघीस करायची.

‘हे काय रे? मोराचं पीस म्हनतोस नि कोंबड्याचं आणलास?’

‘मावशी, लहान मोराचं हाय.’

‘लहान मोर तुझ्या घरी खुराड्यात झोपतो काय? चल, उलट्या पावली जा नि खरं काय ते घेऊन ये.’

आणि पोरगं हिरमुसलं की त्याच कोंबड्याच्या पिसावर त्याला भोवरा मिळायचा.

पण फळीवरच्या सगळ्या मालाला मागं टाकलं ते मावशीनं घरी केलेल्या चिंचेच्या गोळ्यांनी. गूळ, मीठ, जिरं आणि जिभेला नुसती चाटून जाईल एवढी मिरची. पळसाच्या पानात बांधलेली पुडी. मूठभर तांदळाला एक गोळी, असा भाव आम्हीच पोरांनी ठरवून टाकला. आमच्या आळीतली नम्रता तर फ्रॉकच्या दोन्ही खिशांत तांदूळ भरून न्यायची. ती गोळी गालात धरायची आणि बोलायची बंद व्हायची. एरवी तिला गप्प करणं बापालाही जमत नसे. सरांना ह्याचा फार आनंद. पोरांनी स्वतःचं नाणं स्वतः शोधलं म्हणून ते पाहुण्यांना सांगायचे. आणि गोळ्या तुझ्या, तेव्हा तांदूळही तुझेच, असं म्हणून दर संध्याकाळी ते मावशीला घरी न्यायला लावायचे.

इथं मावशीची चूक झाली. ती चूक आमच्या भागातल्या, तिच्या वाड्यातल्या माणसाचीच होऊ शकते, म्हणून नीट सांगतो.

मावशीच्या आईलाही गावातून भात मिळायचा. झोडणी झाली की खळ्याच्या कडेला उभं राहायचं, पदर पसरायचा आणि वरून सूप उपडं व्हायचं. भात यायचा, पण तिच्या घरचं काही कधी कुणाच्या घरात गेलं नाही. देणं होतं, घेणं नव्हतं. आणि आता त्याच घरांतली पोरं तांदूळ आणून हातावर ठेवत होती, हातातून गोळी घेत होती, तिथंच तोंडात टाकत होती. पोरं काय डब्यात हात घालून चोरून आणतात काय, आयाच मोजून देतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आयांना चालतं. म्हणजे ते जुनं सरलं. मावशीनं हा हिशेब कुणाला बोलून दाखवला नाही, फक्त पल्लवीला. रात्री ताटात भात वाढताना ती सांगायची, खा गो, आज जानकीवैनीकडचा हाय. जानकीबाई म्हणजे नम्रताची आई.

असं दहा वर्षं चाललं. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात सरांच्या एका अंगावरून वारं गेलं. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. दारावर कुलूप पडलं, वर्षभरात छपराचे पत्रे उडाले, नळ्या कुणी भंगारात घातल्या. लाकडी नाण्यांनी म्हणे कुणाची तरी चूल पेटली. आम्ही तोवर कॉलेजात गेलेलो. ऐकलं, चुकचुकलो आणि विसरलो.

मावशी मात्र रडत बसली नाही. तिनं ठरवलं, किन्हवलीच्या आठवडे बाजारात बसायचं. गोळ्यांची चव अख्ख्या पंचक्रोशीच्या जिभेवर आहे, गिऱ्हाईक शोधायला कशाला लागतंय? पल्लवी म्हणाली, आये, मिरच्या-वांगी घेऊन बस, गोळ्या नको. असं का म्हणाली ते तिनं सांगितलं नाही आणि मावशीनं विचारलं नाही. आदल्या दिवशी दोघींनी बसून टोपलीभर गोळ्या वळल्या.

ह्यापुढचं मला पल्लवीनं सांगितलं, फार वर्षांनी, शहापूरच्या एसटी स्टँडवर.

बाजारात सगळ्या ओळखीच्या बाया आल्या. सगळ्या थांबल्या. सकू, बरी हायस का, पोरीचं लग्न कधी, सर कसे हायत. टोपलीकडे बघून कौतुकही केलं. आणि शेजारच्या मिरच्या घेऊन गेल्या. एकीचं पोर टोपलीत हात घालायला वाकलं, तिनं त्याला दंडाला धरून असं उचललं की त्याची चप्पल तिथंच राहिली. ड्रायव्हर, कंडक्टर, कुठलेसे परगावचे, एवढ्यांनी काय ते घेतलं.

उन्हं चढल्यावर नम्रता दिसली. मुरबाडकडं दिलेली, कडेवर तान्हं मूल, बरोबर सासू. मावशी उभीच राहिली.

‘काय गो नमे! पोर झालं नि मावशीला सांगावा नाय धाडलास?’

नम्रता हसली. सासूनं हळूच काहीतरी विचारलं, नम्रतानं तितक्याच हळू काहीतरी सांगितलं. मग तिनं पर्समधून पाचाची नोट काढली आणि गोणपाटाच्या कडेवर ठेवली.

‘राहू दे मावशी. तुला.’

‘आगं, गोळ्या तरी घे.’

‘नको. बाळाला खोकला हाय.’

बाळ तीन-चार महिन्यांचं. त्याला कोण गोळी देणार होतं? नम्रता सासूच्या मागं मागं गेली. मावशी कितीतरी वेळ त्या नोटेकडं बघत होती, पल्लवी सांगत होती. उचलेना. वाऱ्यानं उडेल म्हणून शेवटी पल्लवीनंच नोटेवर दगड ठेवला.

संध्याकाळी टोपली घरी न नेता मावशी सरळ आमच्या आळीत आली, जानकीबाईच्या दारात. नम्रता आणि सासू तेव्हा निघून गेलेल्या. जानकीबाई अंगणात पाखडत होती. बस गो सकू, म्हणाली. मावशी बसली नाही. नोट तिनं पुढं धरली.

‘पोरीनं पैसे दिलान, माल नेलान नाय. हे परत घ्या वैनी.’

‘ठेव तिथं ओट्यावर.’

मावशीनं हात मागं घेतला नाही. म्हणाली, ‘वैनी, एक इचारू? नमीच्या हाती तुमी तांदूळ धाडत होतात ना माझ्याकडं?’

जानकीबाई वाईट बाई नव्हे. तिनं सूप खाली ठेवलं, जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. ‘ते सरांच्या तिथं धाडत होतो गो. पोरांचा अभ्यास होता तो.’

‘नि गोळ्या? पोरं खायाची त्या?’

‘पोरांचं काय घेऊन बसलीस. पोरं कुठंबी काय बी खातात. आल्यावर तोंड धुवून घरात घ्यायचो आमी.’

पल्लवी हे सांगत असताना मला आमची पडवी दिसली. देवघेवातून आलो की आई आत येऊ देत नसे; तांब्या घेऊन उभी असायची, आधी चुळा भर म्हणायची. मला वाटायचं, चिंचेनं दात आंबतात म्हणून.

मावशीनं नोट ओट्यावर ठेवली. नीट चालत घरी आली. चूल पेटवली नाही. पल्लवीनं भात टाकते म्हटलं तर नको म्हणाली. आपल्याला शिवत नाहीत हे काय तिला ठाऊक नव्हतं? त्याचं तिला नवं असं काही वाटलं नव्हतं, पल्लवी म्हणाली. तिला लागलं ते वेगळंच. अंधारात बसून एकदाच बोलली:

‘दहा वर्सं मी त्या भाताला गोड गोड करून खाल्लं गो. आता तो कसा ओकू?’

पुन्हा तिनं गोळ्या वळल्या नाहीत. आसनगावला नव्या बिल्डिंगा झाल्या होत्या, तिथं जिने पुसायला जायला लागली. तिथल्या बाया तिच्या हातात चहाचा कप देतात, चांगल्या हायत, असं पल्लवीनं तिला एकदा मुद्दाम म्हटलं. मावशी म्हणाली, त्यांना माझं नाव ठाऊक नाय, गावबी ठाऊक नाय. ठाऊक होईतो चांगल्याच असतील.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या घरामागं चिंचेचं झाड आहे, अजून वाकून लागतं. कल्याणचा व्यापारी येतो आणि झाडावरच सौदा करून चिंचा उतरवून घेऊन जातो.