फडक्यात गुंडाळलेलं यंत्र

एल्विन नोस्केने चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली आणि कुणी 'कसा आहेस' विचारलं तरी एकच जबाब दिला, "बरंय." पाठ धरली तेव्हा बरंय, मेंढीच्या लाथेने बरगडी मोडली तेव्हाही बरंय. आमच्या या मेंढ्यांच्या विमेरा भागातल्या पुरुषांना एवढंच बोलता येतं आणि वर त्याची ऐटही असते. आतड्याचा कॅन्सर निघाला, शस्त्रक्रिया झाली, पोटाला शौचाची पिशवी लागली, तरी डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं.

त्याची बायको व्हर्ना मात्र रोज बघत होती. तो अन्न नुसतं चिवडायचा आणि दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. दवाखान्यातल्या मरी नर्सने त्याला एक फॉर्म भरायला दिला. उदास वाटतं का, जगणं नकोसं होतं का, असले प्रश्न. एल्विनने सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली. मरी याच गावची. तिने फॉर्म बाजूला सारला, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि डॉक्टरांना सांगून मनाच्या गोळ्या सुरू करवल्या. शिवाय दर मंगळवारी शहरातून ग्वेंडा नावाची समुपदेशक फोन करणार, असं ठरलं.

निघताना मरी व्हर्नाला हळूच म्हणाली, "सुरुवातीला लक्ष ठेव. कधी कधी अंगात बळ आधी येतं, मन मागून. मधल्या दिवसांची मला धास्ती वाटते."

चौथ्या आठवड्यात बळ आलं. एल्विनने फाटक दुरुस्त केलं. पाण्याच्या पंपाचं कुठलं बटण कधी दाबायचं, ते चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवलं. गाडी काढून गावात गेला आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं बोट उचलून नमस्कार केला. गोळ्यांनी जादू केली, असं सगळे म्हणाले. व्हर्नालाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

मंगळवारी सकाळी शेजारचा कॉलिन अंडी द्यायला आला. तोही लोकर कातरणाराच.

"म्हातारा रुळावर आला की गं," तो म्हणाला. "परवा मला त्याचं लोकर कातरायचं यंत्र देऊन गेला. लख्ख पुसलेलं, तेल देऊन फडक्यात गुंडाळलेलं."

"तू विचारलं नाहीस, का देतोस म्हणून?"

"देतोय तर घ्यायचं. विचारायचं काय त्यात?"

एल्विन पात्यांना धार रोज लावायचा, पण यंत्र फडक्यात गुंडाळायचा ते शेडमधली शेवटची मेंढी कातरून, 'शेड संपली' म्हणायचा तेव्हाच. आणि स्वतःचं यंत्र तर त्याने सख्ख्या भावालाही हात लावू दिला नव्हता. कॉलिनला हे सगळं ठाऊक होतं. पण आमच्याकडे कुणी कुणाला खोदून विचारत नाही.

अकराला ग्वेंडाचा फोन आला. "बरंय," एल्विन म्हणत होता. "झोप लागते. बरंय."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. व्हर्नाने पहिल्यांदाच त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"ग्वेंडा, मी व्हर्ना. त्याने त्याचं यंत्र गुंडाळून देऊन टाकलंय. पंपावर माझ्यासाठी चिठ्ठ्या लावल्यात."



"एल्विन," ग्वेंडा म्हणाली, "तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?"

इतकं उघड या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. आता हा बरंय म्हणणार, असं व्हर्नाला वाटलं.

"हो," एल्विन म्हणाला.

"कधी?"

"शुक्रवारी. ही बहिणीकडे जाणारेय."

बहिणीसाठीचा केक तिने कालच भाजून ठेवला होता.

"फोन ठेवू नका," ग्वेंडा म्हणाली. "दुसऱ्या फोनवरून मी डॉक्टरांना कळवते. व्हर्ना, घरात बंदूक आहे?"

व्हर्नाने आपल्या मोबाइलवरून बोलावलं तसा दहा मिनिटांत कॉलिन फाटकाशी परत आला. व्हर्नाने बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली.

"रायफल तुझ्याकडे ने," ती म्हणाली, "आणि यंत्र परत आणून दे."

"अगं, पण त्याने स्वतःच्या हाताने दिलंय मला."

"त्याची शेड संपलेली नाही, कॉलिन. जा, घेऊन ये."

ती घाईने आत वळली. एल्विन टेबलाशी तसाच बसला होता, फोनकडे बघत, आणि अडखळत काहीतरी सांगत होता.